बटनं काढलेलं घर

इंगोले साहेबांकडं संध्याकाळी कुणी गेलं, की ‘या, बसा’ हे शब्द कानावर पडायचे नाहीत. दारातून आत शिरलं की एक अरुंद पॅसेज होता आणि तिथं अंधार असायचा. अंधार दिसला की माणसाचा हात आपसूक भिंतीकडं जातो. तसा पाहुण्याचा गेला, की आतून साहेबांचा आवाज यायचा, ‘बटन शोधू नका! नुसतं चाला!’ पाहुणा दचकायचा, हात मागं घ्यायचा आणि खड्ड्यात पाय टाकावा तसं एक पाऊल टाकायचा. दिवा लागायचा. मग साहेब बाहेर येऊन समाधानानं मान हलवायचे. पाहुण्याकडं बघून नव्हे, दिव्याकडं बघून.

त्या भिंतीवर शोधण्यासारखं बटन नव्हतंच. ते मी काढलं होतं.

मी वायरमन. सेनगावकडच्या एका तांड्यावर वाढलो, आयटीआय केलं आणि हिंगोलीत आलो, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. या गावातल्या कितीतरी घरांत मी बटनं बसवली. काढायला मात्र एकाच माणसानं बोलावलं. तो माणूस अजून आहे, प्रकृतीनं ठणठणीत आहे, रोज संध्याकाळी स्टेशनकडं फिरायला जातो. त्यामुळं हे लिहिताना मेलेल्या माणसाबद्दल वाटतो तसला कुठलाही संकोच मला वाटत नाही.

पहिल्या दिवशी साहेबांनी मला बैठकीच्या खोलीत उभं केलं आणि मोबाइल पुढं धरला. त्यात त्यांनी बाहेरून मागवलेल्या सामानाची चित्रं होती. काड्यापेटीएवढ्या डब्या, ज्या बोर्डाच्या मागं बसवायच्या. लिंबाएवढे पांढरे सेन्सर, जे भिंतीवर चिकटवले की समोरची हालचाल ओळखतात. आणि हे सगळं घरातल्या वायफायवरून मोबाइलला जोडायचं. मोबाइलमध्ये रूल लिहायचे. जर अमुक झालं, तर तमुक कर. जर पॅसेजमध्ये कुणी हाललं, तर दिवा लाव. जर दहा मिनिटं कुणी हाललं नाही, तर बंद कर.

‘डब्या बसवतो साहेब,’ मी म्हणालो. ‘बटनं राहू द्या. दोन्हीवर चालतं.’

‘काहून राहू द्यायची?’

‘कधी अडलं-नडलं तर...’

‘बटन ठेवलं की माणूस बटनाकडं जातो,’ साहेब म्हणाले. ‘अन् माणूस गेला की गडबड होती. माणूस भुलतो, राठोड. रूल भुलत न्हाई.’

मी सगळी बटनं काढली. त्यांच्या जागी पांढऱ्या कोऱ्या पट्ट्या लावल्या. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. असलं काम तोवर हिंगोलीत मी बघितलं नव्हतं. मार्केट यार्डाजवळच्या टपरीवर मी चार लोकांना सांगितलंसुद्धा, की आता मी नुसता वायरमन राहिलो नाही, स्मार्ट घर करून राहिलो. साहेबांना हसायचा अधिकार मला कितपत आहे, ते पुढं येईलच.

साहेब एका सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना त्यांच्या टेबलावर घंटी होती. ती वाजली की शिपाई येत असे, मान हलवली की फाइल जात असे, चष्मा काढला की समोरचा माणूस बोलायचं थांबत असे. मग एका तारखेला हार घातले, नारळ दिला आणि हे सगळं बंद झालं. भाजीवाला त्यांना ‘काका, बाजूला व्हा’ म्हणाला, ही हकीकत त्यांनी मला तीनदा सांगितली. त्यांना हुकूम ऐकणारं काहीतरी हवं होतं. माणसं मिळेनात, दिवे मिळाले. हे मला तेव्हाही समजत होतं. समजलं की कीव येतेच असं नाही.

त्यांनी रूलांची यादी टाइप करून घेतली, तिला प्लास्टिकचं आवरण घातलं आणि फ्रिजच्या दारावर लावली. रूल क्रमांक एक, अंगणातला दिवा, सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी. रूल क्रमांक चार, स्वयंपाकघर, पहाटे पाच ते सात पूर्ण उजेड, त्यानंतर निम्मा. रूल क्रमांक नऊ, देवघर, संध्याकाळी पंचवीस मिनिटं. देवापुढं पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त कुणाचं काय काम असतं, असं त्यांचं म्हणणं. यादी एकतीसपर्यंत गेली होती. खाली सही होती. सहीखाली, हे मी शपथेवर सांगतो, हुद्दा होता. ‘निवृत्त’ हा शब्द त्यांनी कंसात आणि बारीक अक्षरात लिहिला होता.

त्या घरात दुसरं माणूस म्हणजे शकुंतलाकाकू. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली होती. काकू लग्नाआधी दोन वर्षं प्राथमिक शाळेत शिकवायच्या. साहेबांची बदली झाली तेव्हा नोकरी सोडली, आणि त्याविषयी नंतर बोलायचंही सोडलं. त्यांचे गुडघे गेले होते. दिवसाची कामं उरकली की त्या बैठकीतल्या वेताच्या खुर्चीत बसायच्या आणि पेपरातलं शब्दकोडं सोडवायच्या. शब्दकोडं सोडवणारं माणूस कसं बसतं? पेन ओठाला लावून, नजर कुठंतरी लावून, अगदी निश्चल. दहा मिनिटं झाली की भिंतीवरच्या त्या पांढऱ्या लिंबाला वाटायचं, खोलीत कुणी नाही. दिवा जायचा.

तेव्हा काकू हात वर करायच्या. वर्गातल्या लेकरानं उत्तर येतं म्हणून करावा तसा. दिवा यायचा. हात खाली. दहा मिनिटांनी पुन्हा. मी एकदा बॅटरीचं काम करत होतो तेवढ्या वेळात त्यांनी चारदा हात वर केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. आपल्याच घरात आपण आहोत हे त्या हजेरी दिल्यासारखं सांगत होत्या.

‘काकू, मी साहेबांना सांगतो, वेळ वाढवू,’ मी म्हणालो.

‘सांगून झालं राठोडभाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘ते म्हंतात, तेवढाच हाताला व्यायाम.’

पावसाळ्यात एकदा कॉलनीतली केबल तुटली आणि दोन दिवस इंटरनेट गेलं. वीज होती. पंखे चालत होते, फ्रिज चालत होता, शेजारपाजारी सगळीकडं लखलखाट होता. इंगोल्यांचं घर तेवढं काळंकुट्ट. रूल कुठंतरी दूरच्या कंपनीच्या मशिनीत बसलेले आणि तिथवर जायचा रस्ताच तुटलेला. मी गेलो तेव्हा साहेब मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात फ्रिजवरची यादी वाचत होते, जणू तिच्यात कुठंतरी या प्रसंगाचा रूल असेल. काकू स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून भाकरी थापत होत्या.

‘एखादं बटन बसवून देऊ का साहेब? निदान स्वयंपाकघरात?’

‘केबलवाल्याची चूक हाय,’ साहेब म्हणाले. ‘त्याच्या चुकीपायी मी माझी सिस्टिम बदलायची? बराबर बोल.’

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांना डबा दिला. साहेबांनी तो घेतला, आणि शेजाऱ्यांना केबल कशी टाकायला हवी होती ते समजावून सांगितलं.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. काकूंचा धाकटा भाऊ गेला, त्या दिवसापासून माझं हसू थांबलं. तो कनेरगाव नाक्याला राहायचा, शेती करायचा. सकाळी छातीत दुखलं आणि वाशीमला नेईपर्यंत संपला. गुडघ्यांमुळं काकूंना तिकडं फार दिवस राहता आलं नाही. त्या परत आल्या, तशी माहेरची माणसं त्यांच्याजवळ बसायला आली. मोठी बहीण गोदामावशी, दोन भावजया, गावातल्या चार बायका. मीही गेलो होतो. संध्याकाळची वेळ. सगळ्या खाली मान घालून बसलेल्या. रडून झालेलं होतं, बोलायला काही उरलं नव्हतं, आणि अशा वेळी माणसं बसतात तशी सगळी नुसती बसून होती.

दिवा गेला.

अंधारात कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. साहेब ताडकन उठले, सेन्सरसमोर गेले आणि दोन्ही हात बस थांबवल्यासारखे हलवू लागले. दिवा आला. साहेब खाली बसले नाहीत. त्या बायकांकडं तोंड करून त्यांनी सुरुवात केली, ‘घाबरू नका. लाइट गेली न्हाई. रूल क्रमांक चौदा. दहा मिनिटं हालचाल झाली न्हाई, तर सिस्टिम समजती की खोली रिकामी हाय. अधूनमधून एकीनं जरी हात हलवला...’

गोदामावशींनी डोळ्यांवरचा पदर काढला. ‘भाऊजी,’ त्या म्हणाल्या, ‘माणूस मेलंय. तेवढं तुमच्या दिव्याला सांगा.’

साहेब खाली बसले. मला वाटलं, लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह होता. ‘राठोड, बायकांच्या बोलण्यात तथ्य हाय. दुःखात माणूस स्थिर बसतो, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. मी नवीन रूल केला. शोक, तीस मिनिटं.’

मी फोन ठेवला. शेजारी बायको होती, तिला सांगितलं. ती हसली नाही. ‘तुमी काहून जाता त्या घरी?’ तिनं विचारलं.

त्यानंतर साहेबांना आणखी एक शोध लागला. सेन्सर हालचाल ओळखतो, एवढंच नाही. त्याची नोंदही ठेवतो. कुठल्या खोलीत, किती वाजून किती मिनिटांनी. साहेब कुठंही असोत, मोबाइलवर बायकोचा दिवस वाचू लागले. ‘तीन वाजता मागच्या खोलीत काहून गेली होतीस?’ ‘दुपारी सव्वा तास झोपलीस.’ ‘देवघरात सहा वेळा?’ रागावून विचारत नसत. कार्यालयात हजेरीपट तपासावा तसं विचारत. काकू उत्तरं देत. पुढं पुढं त्या मागच्या खोलीत जाईनाशा झाल्या. कपडे वाळत घालायला गेल्या तरी परत येऊन आधीच सांगून टाकत, ‘कपडे घातले.’

ते सेन्सर मीच लावले होते. कोपरा न् कोपरा दिसेल असे, साहेब खाली उभे राहून ‘जरा डावीकडं, बराबर’ म्हणत असताना.

दिवाळीनंतर एके दिवशी काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. त्या कधी येत नसत. हळू आवाजात म्हणाल्या, ‘राठोडभाऊ, बाथरूमला साधं एक बटन देता का? तिथला रूल पाच मिनिटांचा हाय. माझं पाच मिनिटांत होत न्हाई. उठायलाच मला वेळ लागतो. अंधारात लई भेव वाटतं.’ मग थोडं थांबून, ‘ह्यांना नका सांगू.’

मी काय करायला हवं होतं, ते कुठलाही माणूस सांगेल. अर्ध्या तासाचं काम. साहेब फिरायला गेले असते तेवढ्यात झालं असतं. मी म्हणालो, ‘साहेबांना विचारतो काकू. त्यांच्या परवानगीशिवाय कसं करू?’ आणि मी विचारलं. साहेब म्हणाले, ‘पाच मिनिटं पुष्कळ झाली. न्हाई झालं तर हात हलवायचा.’ मी मान हलवून निघून आलो. माझ्या मागं काकूंना काय ऐकावं लागलं ते मी ऐकलं नाही, पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाणी आणून ठेवलं आणि आत गेल्या. साहेबांबद्दल मी वाईट लिहितो आहे. हे एक माझ्याबद्दलचं.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरायला गेलो होतो. साहेब फिरायला गेलेले. जिन्याखाली वाकून काम करत होतो. आत बादली आपटल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज आला नाही. मी हाक मारली, ‘काकू?’ थोड्या वेळानं बारीक आवाज आला, ‘राठोडभाऊ... कुणा बाईमाणसाला बोलवा.’

मी धावत शेजारच्या मीनावहिनींना आणलं. बाथरूमला आतून कडी लावलेली नव्हती. दिवा जायला लागल्यापासून काकूंनी कडी लावायचं सोडलं होतं, हे मला नंतर कळलं. वहिनींनी दार ढकललं, आत पाऊल टाकलं, आणि दिवा लखकन लागला. इतका तयार, इतका आज्ञाधारक. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, त्या पांढऱ्या लिंबाच्या नजरेच्याही खाली. उजवा हात मांडीवर ठेवलेला आणि तो मनगटापाशी भलतीकडंच वळलेला. मी तोंड फिरवून बाहेर उभा राहिलो. वहिनी त्यांना लुगडं गुंडाळत होत्या आणि काकू एकच सांगत होत्या, ‘मी भिंत धरून उठत होते गं. दिवा गेला. सवयीनं हात वर केला. हात वर केला म्हणून भिंत सुटली.’

आम्ही त्यांना बाहेर आणून खुर्चीत बसवलं. मी ऑटो बघायला निघालो, तेवढ्यात साहेब फाटकातून आले. वहिनींनी सांगितलं. साहेबांनी बायकोकडं बघितलं. तिचा हात बघितला. मग खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटानं पडदा वर सारत उभे राहिले. मला वाटलं, डॉक्टरांना फोन लावताहेत.

‘दिवा जायच्या आधीची शेवटची हालचाल सात वाजून सात मिनिटांनी,’ साहेब म्हणाले. ‘सात बाराला दिवा बंद. बराबर पाच मिनिटं.’ आणि माझ्याकडं वळून, ‘बघ राठोड. सिस्टिमची चूक न्हाई.’

काकूंनी डोळे मिटून घेतले. मी आयुष्यात पुष्कळ साहेब बघितले. रागीट बघितले, खाणारे बघितले, माणसाला दिवसभर दारात ताटकळत ठेवणारे बघितले. त्या सगळ्यांमध्ये कुठंतरी एक माणूस असायचा, एखाद्या वेळी तरी दिसायचा. या घरातला माणूस मी त्या दिवशी शोधला, आणि मला तो सापडला नाही.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो. गोदामावशी उशाशी बसल्या होत्या, साहेब औषधं आणायला खाली गेले होते. काकूंनी मला जवळ बोलावलं.

‘राठोडभाऊ, घरी बटनं बसवा. सगळी. अन् ते पांढरे डोळे काढून टाका.’

‘काकू, माझं चुकलं. तेव्हाच...’

‘ते ऱ्हाऊ द्या. बसवता का न्हाई?’

‘बसवतो. पण साहेब?’

काकूंनी छताकडं बघितलं. ‘घर माझ्या नावावर हाय,’ त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. साहेबांनी नोकरीत असतानाच बायकोच्या नावावर प्लॉट घेतला होता, घरही तिच्याच नावावर बांधलं होतं. नोकरीतली काही माणसं असं काहून करतात, हे हिंगोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एवढी वर्षं काकूंनी त्या कागदावर नुसती सही केली होती. त्या सहीचा आपल्याला काही उपयोग आहे, हे त्यांना त्या पलंगावर पडल्यावर सुचलं असावं.

तीन दिवसांनी त्या घरी आल्या आणि मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. काकू वेताच्या खुर्चीत, हात गळ्यात बांधलेला. गोदामावशी दाराशी. साहेब पॅसेजमध्ये आडवे उभे.

‘राठोड, थांब. मी सांगतो ते ऐक. रूल बदलू. पाचाचे पंधरा करू. वीस करू.’

मी थांबलो. खरंच थांबलो, एवढ्या वर्षांची सवय होती.

‘राठोडभाऊ,’ काकू आतून म्हणाल्या, ‘सुरू करा.’

‘तुला काय कळतं त्यातलं?’ साहेब मागं वळून ओरडले.

‘अंधारात पडले मी,’ काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. ‘मला तेवढंच कळतं. अन् तेवढं ह्या घरात दुसऱ्या कोणालाच कळत न्हाई. तुमच्या खोलीत काय ठेवायचं ते ठेवा. माझ्या घरात बटन पाहिजे.’

‘माझ्या घरात’ हे शब्द साहेबांनी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले असणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं, गोदामावशींकडं बघितलं. मग बाजूला झाले. मी त्यांच्या अंगाला अंग न लावता आत गेलो.

पहिलं बटन बाथरूमच्या दाराशी, बाहेरच्या बाजूला, काकूंच्या खांद्याच्या उंचीला बसवलं. गोदामावशींनी त्यांना धरून आणलं. काकूंनी डाव्या हातानं बटन दाबलं. खट्. दिवा लागला. पुन्हा दाबलं, गेला. पुन्हा दाबलं. लहान लेकरू असतं तर कुणीतरी ‘पुरे आता’ म्हणालं असतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, लागलेल्या दिव्याकडं बघत, न हलता, किती वेळ कोण जाणे. दिवा कुठं गेला नाही.

संध्याकाळपर्यंत साहेबांची खोली सोडून सगळ्या कोऱ्या पट्ट्या निघाल्या. उतरवलेले सेन्सर मी एका खोक्यात भरून साहेबांच्या खोलीत ठेवले. त्यांच्या त्या एका खोलीत अजून रूल चालतात. मी पिशवी आवरत होतो तेव्हा ते माझ्याजवळ आले. हातात कोरा कागद आणि पेन होतं.

‘राठोड, एक काम करा,’ ते म्हणाले. मला ते कधी अहो-जाहो करत नसत. ‘मला लिहून द्या.’

‘काय लिहून देऊ?’

‘सिस्टिममध्ये दोष नव्हता म्हणून. लोक बोलून राहिले. नागपूरहून मुलगी फोनवर नको ते बोलली. तुम्ही या कामातले जाणकार. तुमची सही असली की प्रश्न मिटला.’

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना खरोखरच तो कागद हवा होता. तहानलेल्या माणसाला पाणी हवं असतं तसा. मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘श्री. इंगोले यांच्या घरी मी बसवलेल्या दिव्यांच्या यंत्रणेत कोणताही दोष नव्हता. त्यांच्या पत्नी पडल्या त्या दिवशी संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी यंत्रणेनं साहेबांनी जे सांगून ठेवलं होतं तेच केलं. त्यांनी सांगितल्यावाचून तिनं स्वतःहून काहीही केलेलं नाही.’ खाली सही केली, तारीख घातली.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ‘बराबर,’ ते म्हणाले, ‘एकदम बराबर लिहिलं.’

मी त्या घरी काकूंच्या कामासाठी अजून जातो. साहेबांनी तो कागद प्लास्टिकच्या आवरणात घालून फाइलीला लावला आहे. कुणी भेटायला आलं आणि काकूंच्या हाताचा विषय निघाला, की ते लगबगीनं आत जातात, फाइल आणतात आणि तो कागद पाहुण्याच्या हातात देतात. पाहुणा वाचतो. वाचून झाल्यावर मान वर करतो आणि साहेबांकडं बघत राहतो. साहेबांना वाटतं, त्याला पटलं.